दोन तेलविहिरींमधला गाळ

अक्का, तुझ्या मातीला आले तेव्हा मी रडले नाही. उदगीरच्या घरासमोर तुला खुर्चीत बसवलं होतं. कपाळभर विभूती, अंगावर नवी कोरी इरकल. तू आयुष्यात कधी एवढी नटली नव्हतीस. बायका माझ्याकडे बघून एकमेकींना विचारत होत्या, ही कोण? तुझ्या धाकट्या भावानं, बसवराजदादांनी सांगितलं, "कांचन. नांदेडची. अक्कासंगं काम करायची." मग एक म्हातारबाबा काठी टेकत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, ही तेलाच्या कंपनीत व्हती म्हनं. गोडं तेल का रॉकेल?"

तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. मला राग आला. बाबांचा नाही. तुझा.

आज अकरा दिवस झाले. राग उतरला नाही. लोक मला सांगतात, गेलेल्या माणसावर रागवू नये. मग कुणावर रागवायचं? ज्यांच्यावर रागवायला पाहिजे होतं त्यांच्यावर तू मला रागवू दिलं नाहीस.

तू पहिल्यांदा दिसलीस ती आमच्या नांदेडच्या कॉलेजात. मी तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवत होते. तू मोठ्या तेल कंपनीतली नोकरी सोडून आईच्या आजारपणासाठी लातूरला आली होतीस आणि घरी बसून एका सल्लागार फर्मसाठी तेलाच्या साठ्यांची मॉडेलं, म्हणजे जमिनीखालच्या खडकाचे संगणकातले नकाशे, बनवायचीस. प्राचार्यांनी तुला भाषणाला बोलावलं होतं. तू फळ्यावर दोन ठिपके काढलेस.

"ह्या दोन विहिरी. इथे काय आहे ते खणून कळलं. तिथे काय आहे तेही कळलं. मधे काय आहे?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "दोन्हींची सरासरी."

"सरासरी काढा," तू म्हणालीस, "पण ती जमिनीखाली असेलच असं समजू नका."

मी उठून म्हणाले, "मॅडम, आमच्या हिमायतनगरच्या शेतात वडलांच्या बोअरला पाणी लागलं. चुलत्यांनी बांधापलीकडं चाळीस पावलांवर बोअर घेतला, नुसती धूळ निघाली. मग जवळच्या जागा सारख्या असतात हे तुम्ही कसं म्हणता?"

प्राचार्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. तू मात्र खडू खाली ठेवलास आणि भाषणाची भाषा सोडून घरची भाषा बोललीस. "हाव गं बाई! किती पावलांपर्यंत सारखं ऱ्हातं आन् कुठून बिघडतं, तेच तर शोधायचंय. तू भाषण झाल्यावर जाऊ नको. थांब."

मी थांबले. सात वर्षं थांबले.

दुसऱ्याच रविवारी तू मला विष्णुपुरी धरणाच्या खाली, गोदावरीच्या पात्रात नेलंस. पाणी ओसरलेलं होतं. तुझ्या हातात खुरपं, माझ्या हातात चौकटीची वही. दर पाच पावलांवर तू वीतभर उकरायचीस आणि ओरडायचीस, "वाळू!" "वाळू!" "गाळ!" मी लिहायची. कपडे धुणाऱ्या एका बाईनं विचारलं, "काय सांडलं जी तुमचं?"

"काय न्हाई मावशी, नदी शोधून राहिलो," तू म्हणालीस.

तिनं नदीकडे बघितलं, आपल्याकडे बघितलं, आणि पुन्हा पिळा आपटायला लागली.

दुपारपर्यंत वही भरली. धारेच्या दिशेनं चालत गेलं तर लांबपर्यंत वाळूच वाळू. आडवं गेलं की चौथ्या-पाचव्या खड्ड्यातच गाळ. तू वाळूतच मांडी घातलीस आणि दोन खड्ड्यांमधलं अंतर वाढत गेलं की त्यांच्यातला फरक कसा वाढत जातो, त्याची रेषा काढून दाखवलीस. धारेच्या दिशेची रेषा सावकाश चढत होती, आडव्या दिशेची झपकन. "ह्याला व्हेरिओग्राम म्हणतात. नाव मोठं हाय, घाबरू नको. मी जी तेलाची मॉडेलं करते, तीपण अशीच नदी असती. फक्त लाखो वर्षांपूर्वीची, दगड झालेली, जमिनीच्या पोटात गेलेली. तिच्या वाळूत तेल ऱ्हातं. गाळातून ते सरकत न्हाई."

एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मला जे कळलं नव्हतं ते त्या दुपारी कळलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं राहिलं. घे, आता सांगितलं. त्याबद्दलचा उपकार वेगळा आणि बाकीचा राग वेगळा, एकानं दुसरा फिटणार नाही.

त्या मॉडेलचं बोलू आता. तुला हा विषय आवडत नाही, माहीत आहे. उठून चहा ठेवायला जायचीस. आता कुठे जाशील?

फर्मची कामं तोवर आपण दोघी मिळून करायला लागलो होतो. दोन वर्षांपूर्वी ते काम आलं. एका तेलक्षेत्रात दाब कमी झाला होता. कंपनीचा बेत असा, की एका विहिरीतून पाणी दाबून आत सोडायचं, म्हणजे ते खडकातलं तेल ढकलत ढकलत दुसऱ्या विहिरीकडे नेईल आणि तिथून ते वर काढता येईल. दोन्ही विहिरींत छान वाळूचा खडक होता. प्रश्न तुझ्या फळ्यावरचाच होता: मधे काय आहे?

मी शनिवार-रविवार नांदेडहून एस.टी.नं लातूरला यायची. औसा रोडच्या तुझ्या त्या दोन खोल्यांत आपण आठ आठवडे बसलो. आधी नेहमीचा नकाशा केला. विहिरींच्या मधल्या जागा आजूबाजूच्या माहितीचं वजन लावून भरायच्या, त्याला क्रिगिंग म्हणतात. नकाशा देखणा निघाला. पिवळ्या वाळूचा एक रुंद पट्टा, या विहिरीपासून त्या विहिरीपर्यंत सलग. फर्मचे मॅनेजर तो पडद्यावर बघून "व्वा" म्हणाले होते.

"देखणा हाय म्हणूनच भरवसा न्हाई," तू मला नंतर म्हणालीस. "असा गुळगुळीत नकाशा मधले खाचखळगे खाऊन टाकतो. आन् बघ, ह्या दोन विहिरी धारेला आडव्या हायत."

मग तू सिम्युलेशन लावलंस. एकाच्या जागी शंभर नकाशे. प्रत्येक नकाशा विहिरींत जे सापडलं त्याला धरून, प्रत्येकात नदीच्या वाळूचा स्वभाव सांभाळलेला, पण मधली जागा प्रत्येकात वेगळी. आपण ते शंभरच्या शंभर छापून फरशीवर मांडले. घरभर कागद. तू गुडघ्यावर रांगत एकेकावर लाल पेन्सिलीनं रेघ मारत होतीस, जिथे जिथे वाळू मधेच तुटत होती आणि गाळ आडवा येत होता. बहुतेक कागद लाल झाले. मी दारात उभी होते, पाय ठेवायला जागा नव्हती. तू वर बघितलंस आणि म्हणालीस, "कांचे, पाणी पोचणार न्हाई गं."

अहवालाचं सहावं प्रकरण तू त्यावर लिहिलंस. साधं, सरळ. दोन विहिरी जोडलेल्या असतीलच असं नाही. पाणी सोडण्याआधी एक चाचणी करा. एका विहिरीचा दाब बदला आणि दुसरीत तो जाणवतो का ते काही दिवस बघा. एवढंच मागितलं होतंस. काम थांबवा म्हणाली नव्हतीस.

मॅनेजरांचं उत्तर आलं. 'सहावं प्रकरण काढून टाकावं. बोर्डासमोर एक नकाशा ठेवता येतो, शंभर नाही. शंभर ठेवले तर आपल्यालाच काही कळत नाही असं दिसेल.'

मी तिथल्या तिथे पत्र लिहिलं. कंपनीच्या तांत्रिक समितीतल्या सगळ्यांना, प्रकरण जोडून. तुला वाचून दाखवलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "पाठवू नको."

"का?"

"आपलं काम सांगायचं. सांगितलं."

"कुणाला सांगितलं? एका माणसाला! त्यानं कात्री लावली. निर्णय घेणाऱ्यांना खबरच नाही."

"होगली बिडू," तू म्हणालीस. तुमच्या उदगीरकडच्या कानडीतलं तुझं ते नेहमीचं. जाऊ दे, सोड. मला त्या दोन शब्दांचा एवढा संताप यायचा अक्का, की मी त्या दिवशी जेवले नाही. तू माझं ताट झाकून ठेवलंस. मी तशीच एस.टी.ला गेले.

पाच प्रकरणांचा अहवाल मंजूर झाला. त्यावर फर्मचं नाव होतं, मॅनेजरांचं होतं. तुझं नव्हतं.

कंपनीनं पाणी सोडलं. महिने गेले. सोडलेल्या विहिरीत दाब चढत गेला, दुसरीकडे काहीच हललं नाही. पाणी तिसऱ्याच बाजूनं फुटलं आणि एका चांगल्या चालणाऱ्या विहिरीत शिरलं. तिथून तेलाऐवजी पाणीच वर यायला लागलं. मग ऑनलाइन बैठक झाली. आपण दोघी तुझ्या टेबलाशी एका स्क्रीनसमोर बसलो होतो. मॅनेजर म्हणाले, "आम्ही मॉडेलवर भरवसा ठेवला. ते लातूरच्या शिवलीला मॅडमनी केलं होतं. चुकलं, काय करणार."

बघ कसं आहे. अहवालावर तुझं नाव मावलं नाही. दोष द्यायची वेळ आली तेव्हा मात्र गावासकट आठवलं.

मी माइक सुरू करायला हात पुढे केला आणि तू माझं मनगट धरलंस. घट्ट. समोर पंधरा-वीस चेहरे होते. त्यातल्या एकानंही विचारलं नाही की मॅडमचं म्हणणं काय. तू डाव्या हातानं माझं मनगट धरून शांत बसलीस, आणि बैठक संपली. डाव्या हातानं का, हा प्रश्न मला तेव्हा पडायला पाहिजे होता.

उजवा हात दुखतो म्हणायचीस. "माऊस धरून धरून." मी नांदेडहून तुझ्यासाठी मनगटाखाली ठेवायची मऊ गादी घेऊन आले होते. तू ती वापरायचीसही. माझ्यासमोर अगदी कौतुकानं त्यावर हात ठेवायचीस. तुला माहीत होतं ना गं, की दुखणं मनगटात नाही?

माती झाल्यावर बसवराजदादांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि तुझी फाइल हातात दिली. लातूरच्या डॉक्टरांचा पहिला कागद. छातीत उजव्या बाजूला गाठ, ताबडतोब तुकडा काढून तपासायला पाठवा. मी तारीख बघितली. तू सहावं प्रकरण लिहीत होतीस तो आठवडा. मी त्या शनिवारी तुझ्या घरी होते. आपण एकाच टेबलावर बसलो होतो. तुझ्या पिशवीत तो कागद होता आणि तू मला समजावत होतीस की खर्चात पडण्याआधी एक चाचणी किती गरजेची असते!

अक्का, दुसऱ्यांच्या विहिरींसाठी चाचणी मागत होतीस. स्वतःची केली नाहीस. अहवाल झाल्यावर करू, मग आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर करू, मग पाऊसपाणी झाल्यावर करू. केलीस तेव्हा ते काखेत गेलं होतं, पाठीत गेलं होतं. मला सांगितलंस, "एक लहानसं ऑपरेशन हाय." मी लहानसं समजून परीक्षेचे पेपर तपासत बसले. तू मला बनवलंस. आणि मी बनले, ह्याचा राग मी कुणाला सांगू?

दादांना मी विचारलं, "गप्प का बसायची ती? बैठकीत एक शब्द बोलली नाही."

त्यांनी हातातल्या रुमालाची घडी केली. मग म्हणाले, "मीबी इचारलं व्हतं. म्हणली, कांचनची अजून पक्की नोकरी न्हाई. तिचं नाव बी त्या कामात हाय. मी भांडले तर फर्मवाले तिला कुठंच उभं करनार न्हाईत. माझं काय, झालं माझं."

म्हणजे माझ्यासाठी.

तुला कुणी सांगितलं होतं गं? मी सांगितलं होतं? माझं पत्र तयार होतं, माझी सही तयार होती. मला घाबरायला लागलं असतं तर मी घाबरले असते, तो माझा प्रश्न होता. तू परस्पर ठरवलंस. आमच्या घरी वडील, चुलते, मामा, सगळ्यांनी माझं परस्पर ठरवलं. कॉलेजात दर जूनला माझं परस्पर ठरतं. एक तू होतीस, जी 'मधे काय आहे' ते आधी विचारायचीस. माझ्या बाबतीत विचारलं नाहीस.

मी दादांच्या समोर खूप बोलले. माती होऊन दोन तास झाले नव्हते आणि मी तुझ्या घरात बसून तुझ्या नावानं ओरडत होते. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. दादा एवढंच म्हणाले, "बोला ताई. आमाला बी बोलायचं व्हतं. हिम्मत न्हाई झाली." तेव्हा मला रडू आलं.

पाचव्या दिवशी मॅनेजरांचा फोन आला. "मॅडमचं ऐकून फार वाईट वाटलं. मोठी पोकळी झाली." मी हं म्हणाले. "बरं, ते शंभर नकाशे तुमच्याकडे आहेत का हो? आम्ही आता दाबाची चाचणी घेतली. त्या दोन विहिरी जोडलेल्या नाहीत. नवी विहीर कुठे घ्यायची ते बघायला ते नकाशे उपयोगी पडतील."

एका दमात, अक्का. पोकळी आणि नकाशे एका दमात.

मी विचारलं, "सहावं प्रकरणही पाहिजे का?"

"नको, नुसत्या फाइली द्या. उगीच जुनं उकरण्यात अर्थ नाही. मॅडमनाही ते आवडलं नसतं."

शेवटचं वाक्य खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. तुला आवडलं नसतं. तू चहा ठेवायला उठली असतीस.

मी फोन ठेवला आणि संगणक उघडला. दोन वर्षांपूर्वीचं पत्र तसंच पडून होतं. त्यातला एक शब्द बदलला नाही. सहावं प्रकरण जोडलं, शंभर नकाशे जोडले, 'प्रकरण काढून टाकावं' हे मॅनेजरांचं उत्तर जोडलं, आणि खाली एक ओळ वाढवली: 'हे मॉडेल शिवलीला मॅडमनी केलं होतं आणि ते चुकलेलं नव्हतं.' समितीतल्या सगळ्यांची नावं घातली. मॅनेजरांचंही घातलं. मग खाली माझी सही केली आणि पाठवलं. मनगट धरायला कुणी नव्हतं.

तुझ्या इच्छेविरुद्ध केलं. माफी मागत नाही. तुझ्याशी भांडणात मी एकदाही जिंकले नव्हते आणि ही जीतही मला नको आहे. समोर बसून तू रागवायला पाहिजे होतीस, माझं पत्र फाडायला पाहिजे होतंस, मी पुन्हा लिहायला पाहिजे होतं. जिवंत माणसांचं भांडण असं असतं. हे काय, मी एकटीच बोलून राहिले.

फर्मनं दुसऱ्याच दिवशी माझं काम काढून घेतलं. पुन्हा देणारही नाही. तू ज्याला भीत होतीस ते झालं आणि झाल्यावर कळलं की त्यानं काही मरायला होत नाही. परवा तासाला मी फळ्यावर दोन ठिपके काढले. मधे काय आहे विचारलं. मग पाठमोरी होऊन उगाच फळा पुसत राहिले.

काल समितीच्या अध्यक्षांचं उत्तर आलं. तीन ओळींचं, नीट, सभ्य. त्यांनी लिहिलंय की हे प्रकरण त्यांच्यापर्यंत कधी आलंच नव्हतं, चाचणी आधी व्हायला पाहिजे होती, आणि अहवाल आता सहाव्या प्रकरणासह पुन्हा काढला आहे. सोबत तो अहवाल जोडला होता. मी पहिलं पान उघडलं. वर तुझं नाव होतं. ठळक अक्षरांत, एकटं, बाकी सगळ्यांच्या वर. आणि त्याच्या आधी इंग्रजीत एक शब्द होता: लेट.

सात वर्षांत तू एकही काम लेट दिलं नाहीस, अक्का. मी ते पान छापून उदगीरला पाठवलंय. पाठवण्याआधी तुझी लाल पेन्सिल घेतली आणि त्या शब्दावर रेघ मारली.